मान वर केली आणि पायातली कळ गेली

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाहीचे पेपर तपासत होते, तीन तुकड्यांचे मिळून दीडशेच्या वर, आणि माझी पेपर तपासायची जागा ठरलेली आहे, हॉलमध्ये दिवाणाला पाठ टेकून खाली सतरंजीवर, पाय समोर लांब पसरलेले, मांडीवर उशी आणि उशीवर गठ्ठा. वीस वर्षं अशीच बसत आलेय. त्या दिवशी तिसऱ्या गठ्ठ्याच्या मध्यावर उजव्या खुब्याच्या मागून सणकन कळ निघाली ती मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पार करंगळीपर्यंत गेली, जणू कुणी आतून तार ओढली. तेवढ्यात मुलगा दारातून आत आला, "आई, गाडीची किल्ली कुठंय", मी त्याच्याकडे वर बघितलं आणि कळ कमी झाली. किल्ली सांगितली, परत पेपरात मान घातली, परत सुरू. तेव्हा हे लक्षात आलं होतं पण त्याचा काही अर्थ असेल असं वाटलंच नाही. पाय दुखतोय तर मानेचा काय संबंध.

पुढचे तीन आठवडे सांगत बसत नाही. ज्यांना साइटिका, म्हणजे कमरेपासून पायात उतरणारी ही नसेची कळ, झालंय त्यांना माहितीये आणि ज्यांना नाही झालं त्यांना सांगून कळणार नाही. एमआरआय झाला, एल ५ - एस १ ची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी सरकलीये म्हणाले, गोळ्या झाल्या, आणि मग फिजिओथेरपीला पाठवलं. तिथली मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने मला उंच टेबलाच्या कडेवर बसवलं, गुडघ्याची मागची बाजू कडेला टेकेल इतकं मागे, हात पाठीमागे एकमेकांत धरायला लावले.

"मॅडम, आता पोक काढून बसा. शाळेत मुलांना बसू देत नाही ना, तसं."

बसले.

"हनुवटी छातीला लावा. आता उजवा गुडघा हळूहळू सरळ करा, दुखलं की थांबा."

पाय अर्ध्यावर गेला असेल नसेल, कळ आली. ती म्हणाली, "तिथंच थांबा. पाय हलवायचा नाही, कंबर हलवायची नाही. फक्त मान वर करा आणि समोर भिंतीकडे बघा."

मी मान वर केली आणि पोटरीतली कळ गेली. कमी झाली असं नाही म्हणत, गेली. पाय होता तिथंच होता, कमरेला कुणी हात लावला नव्हता. "आता सरळ होतो का बघा अजून," ती म्हणाली, आणि पाय झाला की हो जवळजवळ सरळ. मग म्हणाली परत मान खाली घाला, आणि मान निम्मी खाली जाते न जाते तोच कळ परत पोटरीत हजर. मला एकदम सतरंजी आठवली, मुलगा आठवला, किल्ली आठवली. तेच होतं हे! तीन आठवडे माझं शरीर मला हीच गोष्ट सांगत होतं आणि मी तिच्यावर लाल रेघ मारून पुढं गेले होते.

या चाचणीला स्लम्प टेस्ट म्हणतात, ऑस्ट्रेलियातले फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी १९७९ मध्ये ती मांडली. तिच्यातली खुबी त्या शेवटच्या मान वर करण्यातच आहे. मांडीमागचा स्नायू आखडलेला असता तर मानेने त्याला काही फरक पडला नसता, तो स्नायू बसायच्या हाडापाशी सुरू होतो आणि गुडघ्याखाली संपतो, त्याला डोक्याची खबरही नसते. डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत सलग जाणारं काय आहे मग? मेंदू, मज्जारज्जू आणि नसा. म्हणून पाय न हलवता मानेने पायातलं दुखणं बदललं की संशय नसेवर येतो.

घरी येऊन मी वाचायला लागले, रात्री उशिरापर्यंत, पोटाखाली उशी घेऊन पालथं पडून, कारण बसवत नव्हतंच. आणि जे वाचलं ते मला इतकं सुंदर वाटलं की दुखण्याचा थोडा विसर पडला.

पायजम्याची नाडी डोळ्यासमोर आणा. नेफ्यात ती सैल असते, एक टोक ओढलं की दुसरं टोक आत सरकायला लागतं, आणि दुसऱ्या टोकाला गाठ असेल तर नाडी सरकत नाही, ताणली जाते. आपला मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब, तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली नसांचा झुपका लोंबतो ज्याला डॉक्टर मंडळी घोड्याचं शेपूटच म्हणतात. या सगळ्याभोवती एक चिवट आवरण आहे, वर ते कवटीच्या तळाच्या भोकाला घट्ट चिकटलेलं आणि खाली पार माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापर्यंत गेलेलं. त्यातून नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात, प्रत्येक जोडी आपापल्या मणक्यांमधल्या फटीतून. म्हणजे नेफा म्हणजे मणक्यांचा कालवा आणि नाडी म्हणजे हे सगळं. (नसेला जुन्या लोकांनी नाडीच म्हटलंय, हे मला उपमा सुचल्यावर लक्षात आलं.)

आता आपण वाकतो तेव्हा काय होतं, तर हा कालवा लांब होतो. पाठ मागे वळवलेली असताना त्याची जी लांबी असते ती पूर्ण पुढे वाकल्यावर सुमारे ५ ते ९ सेंटिमीटरने वाढते. मी पट्टी घेऊन माझं मधलं बोट मोजलं, साडेसात भरलं. एवढं आख्खं बोटभर अंतर आपल्या पाठीच्या आत रोज कितीतरी वेळा वाढतं आणि कमी होतं, चपलेचा पट्टा लावायला वाकलो की वाढतं, फॅनकडे बघितलं की कमी होतं, आणि आतला रज्जू त्याच्याबरोबर ताणतो, सैल होतो, त्याला चुण्या पडतात, चुण्या जातात. आपल्याला पत्ता नसतो. स्वीडनचे न्यूरोसर्जन अल्फ ब्राइग यांनी मृतदेहांवर काम करून हे दाखवलं, १९६० ला एक पुस्तक आणि १९७८ ला दुसरं. नुसती मान पुढे झुकवली तरी ओढ आवरणातून आणि रज्जूतून खाली उतरत कमरेच्या नसांच्या मुळांपर्यंत पोचते, हे त्यांच्या कामातून दिसलं.

मग सगळ्यांना का नाही दुखत? कारण निरोगी नस सरकते. पाय वर उचलला की कमरेतली मुळं काही मिलिमीटर खाली-बाहेर सरकतात, मान झुकवली की वर ओढली जातात, आणि सरकायला वाट मोकळी असेल तर सगळं सुखाने चालतं. माझ्या बाबतीत शेवटच्या गादीचा फुगवटा उजव्या मुळाला टेकला होता, ते मूळ सुजलं होतं, चिडलं होतं. म्हणजे नाडीला गाठ पडली होती. वरून मानेने ओढलं की ओढ त्या गाठीवर, खालून पाय पसरून ओढलं की तीही त्याच गाठीवर. आणि मी वीस वर्षं पेपर कशी तपासतेय? पाय लांब पसरून, कंबर गोल करून, मान पेपरात घालून! त्या मुलीने टेबलावर जी चाचणी केली तीच मी रोज चार-चार तास सतरंजीवर करत होते.

एक आकडा मला फार लागला. गोरान लुंडबोर्ग आणि ब्योर्न रायडेविक या दोघांनी १९७३ मध्ये सशांच्या पायातल्या नसेवर प्रयोग केला होता, नस तिच्या लांबीच्या ८ टक्के ताणली की तिच्यातल्या बारीक शिरांमधून रक्त परत जायचं मंदावतं आणि १५ टक्क्यांना नसेतला रक्तपुरवठाच थांबतो. नसेला रक्त लागतं हा विचारच मी कधी केला नव्हता. वायरीसारखी काहीतरी कोरडी गोष्ट असेल असं वाटायचं. ती जिवंत आहे, तिला भूक आहे, आणि ताणात ती उपाशी राहते.

आपल्या बोलण्यात नसेबद्दल बहुतेक वेळा एकच क्रियापद येतं, दबणे. "नस दबलीये." शेजारी, रिक्षावाले, मेडिकलवाले सगळे हेच म्हणतात. एरवी दुखण्याला मराठीत काय कमी शब्द आहेत, कळ, चमक, ठणका, लचक, शिणक, मुंग्या, मान अवघडते, पाठीत उसण भरते. आमच्या आजीच्या पाठीत उसण भरली की गल्लीतल्या एका पायाळू मुलाला बोलवायचे, पायाकडून जन्मलेल्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणून, आणि तो बिचारा लाजत लाजत आजीच्या पाठीला पाय लावायचा. इतकी बारीक नजर असलेली आपली भाषा, पण नस अडकते, सरकत नाही असं आपण सहसा म्हणत नाही. आणि दबली म्हटलं की मनात येतं की काहीतरी वजन आलंय, ते काढायला पाहिजे, किंवा पडून राहायला पाहिजे. सरकत नाहीये म्हटलं असतं तर मला किल्लीच्या वेळीच काहीतरी सुचलं असतं असं वाटतं.

जुन्या वैद्यांनी हे दुखणं मात्र किती नीट बघितलं होतं. चरकसंहितेत गृध्रसी म्हणून आहे, त्यात दुखण्याचा रस्ता क्रमाने दिलाय, आधी कुल्ला, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. बहुतेक माझाच नकाशा. त्या माणसांनी किती रोग्यांजवळ बसून विचारलं असेल, आता कुठं दुखतंय, मग कुठं जातं.

आणि युरोपातही अशीच एक गोष्ट आहे जी मास्तरीण म्हणून मला सोडवत नाही. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलायची जी साधी तपासणी कुठलाही डॉक्टर करतो ती लासेग या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते, पण लासेग यांनी ती लिहिलीच नव्हती, त्यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने १८८१ ला आपल्या प्रबंधात लिहिली आणि नाव गुरुजींचं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८८० ला, बेलग्रेडचे डॉक्टर लाझा लाझारेविच यांनी सहा रोग्यांवरून हेच लिहिलं होतं, आणि कारणही बरोबर सांगितलं होतं, की पाय उचलल्यावर नस ताणली जाते म्हणून दुखतं. फोर्स्टला वाटलं होतं स्नायू नसेला दाबतो. म्हणजे दबणे की ताणणे हा घोळ तेव्हापासूनचा आहे. लाझारेविच सर्बियन भाषेतले नावाजलेले कथाकारही होते. ऐकणारा माणूस असणार, मला तसंच वाटतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते कारण ती अजून कुणी करू नये असं मनापासून वाटतं. एमआरआयच्या आधी सकाळी ग्राउंडवर फिरायला जायचे तिथं एका ओळखीच्यांनी सांगितलं की पायाच्या मागच्या शिरा आखडल्यात, पश्चिमोत्तानासन करा, ताणल्या की मोकळ्या होतील. मी केलं, रोज सकाळी, जिद्दीने, कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत. ताणताना कळ यायची ती सोसायची, सोसलं म्हणजे फायदा होतोय असं वाटायचं, आणि संध्याकाळी पाय जमिनीला टेकवत नव्हता. आता त्या आसनाकडे बघा, गुडघे सरळ, पावलं आपल्याकडे ओढलेली, कंबर वाकलेली, मान खाली. नाडीची सगळी टोकं एकदम ओढलेली. निरोगी माणसाला ते आसन छानच आहे, शाळेत सूर्यनमस्कारात आम्ही पोरांना कपाळ गुडघ्याला लावायला लावतोच आणि ती हसत लावतात. पण ज्याच्या नसेला गाठ पडलीये त्याने कळ सोसून ताणणं म्हणजे चिडलेल्या पोराला अजून चिमटे काढणं.

मानेचं हे दुसऱ्या दिशेनेही असतं, ते मला दादाकडून कळलं.

माझा मोठा भाऊ वायरमन आहे, गावाकडं. आयुष्य शिडीवर, मान वर करून. गेली दोन वर्षं त्याच्या डाव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात, वर बघून काम केलं की जास्त, पकड सुटते, एकदा हातातला पक्कड खाली पडला आणि खाली उभ्या असलेल्या पोराला थोडक्यात चुकला. तर दिवाळीत आईकडे जमलो होतो, दादा खुर्चीत बसलेला, डावा हात डोक्यावर ठेवून. आई आतून आली आणि ओरडली, "अरे डोक्याला हात लावून काय बसलास, दिवाळीचं! बरं नसतं." त्याने हात काढला. थोड्या वेळाने बघते तर परत हात डोक्यावर. असं तीन वेळा झालं. शेवटी म्हणाला, "आई, असं ठेवलं की बरं वाटतं गं. झोपतो पण मी असाच."

मी नुकतीच हे सगळं वाचून बसलेली, फिजिओवाल्या मुलीला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली हे तर लक्षणच आहे मॅडम, हात डोक्यावर ठेवला की मानेतून हाताकडे जाणारी नस सैल पडते आणि दुखणं कमी होतं, मानेच्या तपासणीत आम्ही मुद्दाम करून बघतो. दादाला माझ्याबरोबर घेऊन गेले. मानेत मणके सात आणि नसांच्या जोड्या आठ, त्यातली सहावी अंगठ्याकडे जाते. मान मागे टाकली आणि दुखऱ्या बाजूला कलली की त्या बाजूची फट अरुंद होते, आणि फटीत आधीच हाडाची टोकं वाढलेली असतील, गादी फुगलेली असेल, तर मूळ चिमटीत सापडतं. यावरची स्पर्लिंग या अमेरिकन डॉक्टरांची तपासणी १९४४ पासून चालत आलीये, मान तशी कलवून डोक्यावरून हलकं दाबायचं, पण ते जाणकारानेच करायचं, घरी कुणी कुणाचं डोकं दाबू नका. मान पुढे घेतली की फट उघडते. आणि मान दुसऱ्या बाजूला कलवली तर फट उघडते पण नस ताणते, त्यामुळे नस चिडलेली असेल तर तेही झोंबतं.

म्हणजे बघा, मला मान खाली घातली की पायात कळ, दादाला मान वर केली की हातात मुंग्या. एका आईची दोन लेकरं, मी बाईमाणूस म्हणून आणि मास्तरीण म्हणून आयुष्यभर मान खाली, तो तारांकडे बघत आयुष्यभर मान वर. लहानपणी मला शाबासकी मिळायची ती "मान खाली घालून शाळेत जाते, मान खाली घालून येते" अशी. ते आठवून मला त्या रात्री जरा रडू आलं, का ते नीट सांगता येत नाही.

दोन-तीन गोष्टी इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मान खाली घातल्यावर पाठीच्या कण्यातून करंट उतरल्यासारखं झालं, हातापायात झिणझिणी गेली, तर ते साधं समजू नका, त्याला लेर्मिट या फ्रेंच डॉक्टरांचं नाव आहे, १९२४ पासून ओळखीचं लक्षण आहे, आणि मज्जारज्जूवरच काहीतरी असल्याची ती खूण असू शकते. ताप असलेल्या पोराची मान पुढे वाकत नसेल, वाकवली की त्याचे गुडघे आपोआप पोटाशी येत असतील तर लगेच दवाखाना, मेंदूच्या आवरणाला सूज असू शकते, आणि सुजलेल्या आवरणाला हीच ओढ सहन होत नाही. आणि कमरेच्या दुखण्यात लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

माझा व्यायाम इतका साधा होता की पहिल्या दिवशी विश्वास बसला नाही. खुर्चीत बसायचं, उजवा गुडघा सरळ करताना मान वर न्यायची, छताकडे, आणि पाय खाली घेताना मान खाली. बस. एक टोक ओढायचं तेव्हा दुसरं सैल सोडायचं. नाडी ताणायची नाही, सरकवायची. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा, कळेच्या अलीकडेच थांबून. पहिल्या आठवड्यात काहीच नाही, दुसऱ्यात झोप लागायला लागली, सहाव्या आठवड्यात मी फळ्यावर पूर्ण तास उभी राहिले. गोळ्यांनीही झालं असेल, दिवसांनीही झालं असेल, गादीचं दुखणं बऱ्याच लोकांचं आपोआपही निवतं, हे खरं आहे. पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये खुर्चीत बसून मान आणि पाय असे उलटसुलट हलवताना मला आत काहीतरी सरकतंय हे जाणवायचं, किंवा जाणवतंय असं वाटायचं, आणि त्याने धीर यायचा.

पेपर आता खाली बसून तपासत नाही. आजोबांचं उतरतं लाकडी डेस्क माळ्यावर पडलेलं होतं, ज्यावर ते पोथी आणि हिशोबाची वही ठेवायचे. ते काढून पुसलं, टेबलावर ठेवलं, त्याच्या उतारावर पेपर डोळ्यांच्या समोर येतो, मान जेमतेम झुकते. डाव्या कोपऱ्यात शाईचा जुना डाग आहे आणि दौतीची खोबण, त्या खोबणीत माझं लाल पेन बरोबर बसतं.

यंदा भाऊबीजेला परत आईकडे जमलो. दादा ओवाळून घेऊन खुर्चीत बसला, आता शिडीवर त्याचा पोरगा चढतो, मुंग्या कमी आहेत पण गेल्या नाहीत. बोलता बोलता हात डोक्यावर गेला. आई समोरच निरांजन विझवत होती, तिने बघितलं, मला वाटलं आता बोलणार. ती आत गेली, दिवाणावरचा छोटा लोड घेऊन आली आणि त्याच्या कोपराखाली सारून ठेवला, हात अधांतरी राहून दमू नये म्हणून, आणि ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेली.